साहेबांची भीती जात नाही आणि सगळे म्हणतात देवाच्या योजनेवर भरोसा ठेव

करंजफूल:
सलाम सगळ्यांना. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी नंदुरबारकडची, एका पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे, तालुका मुद्दाम सांगत नाही. घरात आजीपासून ख्रिस्ती. आमच्याकडे दिवाळी झाली की निम्मी घरं ऊसतोडीला गुजरातकडे जातात आणि होळीला परत येतात, लेकरं सोबतच नेतात, आणि येतात तेव्हा ती वाळून आलेली असतात. तशीच एक पोरगी, १४ महिन्यांची, वजन ६ किलो ३००. दंडाला पट्टी लावली तर ११.१. माहीत नसेल त्यांच्यासाठी, ती पट्टी ११.५ सेंटीमीटरच्या खाली लाल असते, लाल म्हणजे सॅम, तीव्र कुपोषित. मी दोनदा लावली, मग मदतनीस बाईंना लावायला सांगितली. तेच, ११.१. पोरगी रडलीसुद्धा नाही, नुसती पट्टीकडे बघत होती, मला तेच जास्त लागलं.

बीटच्या मॅडमना, म्हणजे आमच्या वरच्या सुपरवायझरना, फोन केला तर म्हणे आपला आकडा आधीच वर गेलाय, वरून साहेब बोलतात, तू ११.६ लिही, पुढच्या महिन्यात बघू. मी म्हटलं मॅडम पण पोरगी खरंच... तर म्हणाल्या, "तुला काम करायचंय ना?"

रविवारी उपासना झाल्यावर मंडळीत सांगितलं. सगळे म्हणाले देवावर भरोसा ठेव, त्याची योजना असते. तेवढ्यापुरतं बरं वाटलं. सोमवारी रजिस्टर उघडलं की परत पोटात गोळा. तो रकाना अजून कोराच आहे. नवरा रोजंदारीवर, दोन मुलं शिकताहेत, हे मानधन गेलं तर आम्ही काय करायचं? माझा प्रश्न एवढाच की एवढी भीती वाटते म्हणजे माझा विश्वास खोटा आहे का?

वचन_प्रथम:
ताई, प्रार्थना करतो. पण एक सांगतो, राग मानू नका. बायबलात रोमकरांस १३ मध्ये स्पष्ट आहे की अधिकारी देवाने नेमलेले आहेत आणि त्यांच्या अधीन राहावं. मॅडम तुमच्या वरिष्ठ आहेत. तुम्ही आज्ञा पाळा, जबाबदारी त्यांची, हिशोब देव त्यांच्याकडून घेईल.

भुसावळ_यार्ड:
अहो भाऊ, हे तर फारच सोयीचं झालं. मी रेल्वेत ३४ वर्षं काढली, तिथे सही ज्याची मान त्याची. गाडी पास केली की मग वरचा साहेब ओळख पण देत नाही.

करंजताई, आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो, बाकी वाद मागाहून. नाही, विश्वास खोटा नाही. शास्त्रात भ्यालेल्या माणसांचीच यादी मोठी आहे. एलीया संदेष्ट्याने कर्मेल डोंगरावर एवढं सगळं केलं आणि एका ईजबेल राणीचा निरोप आला तर पळत सुटला, झुडपाखाली बसून म्हणाला मला मरण दे. देवाने त्याला पहिले रागावलं नाही, भाकर दिली आणि झोपू दिलं, तेही दोनदा. १ राजे १९ काढून बघ. तू जेवतेस ना नीट? हे मी गमतीने विचारत नाहीये.

पाळकाचा_पोर:
वचन_प्रथम दादा, रोमकरांस १३ पुढे पण वाचा, तिथे अधिकारी कशासाठी नेमलेत तेही लिहिलंय, चांगलं करणाऱ्याला भीती नसावी आणि वाईट करणाऱ्याला असावी म्हणून. इथे तर उलटंच चाललंय. आणि येशूचा शिष्य पेत्र आणि बाकीचे प्रेषित न्यायसभेपुढे उभे होते तेव्हा काय म्हणाले, "आम्ही मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे", प्रेषितांची कृत्ये ५:२९. दोन्ही एकाच शास्त्रात आहे, एक धरून दुसरं सोडता येत नाही. जर्मनीत हिटलरच्या काळात हाच १३ वा अध्याय दाखवून कितीतरी चर्चना गप्प बसवलं. जे नाही बसले त्यातला बोनहॉफर नावाचा पाळक ९ एप्रिल १९४५ ला फासावर गेला, तिकडची लढाई संपायला जेमतेम महिना राहिला होता.

पण ताईंचं प्रकरण मला बोनहॉफरपेक्षा निर्गमच्या पहिल्या अध्यायातलं वाटतं. शिप्रा आणि पुवा. फारोने दोन सुइणींना बोलावून सांगितलं, इब्री बायकांना मुलगा झाला की मारून टाका. त्या देवाला भ्यायल्या आणि त्यांनी लेकरं जिवंत ठेवली. आमचे वडील संदेशात नेहमी एक गोष्ट दाखवतात, की त्या अध्यायात या दोन बायांची नावं आहेत, पण फारोचं नाव नाही. एवढा मोठा राजा, आणि नुसता "मिसर देशाचा राजा".

सत्यशोधक_धुळे:
मी नास्तिक, तरी बोलतो. त्या दोघी फारोला नंतर काय म्हणाल्या तेही सांगा की. इब्री बायका दणकट असतात, आम्ही पोचायच्या आधीच बाळंत होतात. म्हणजे खोटंच बोलल्या ना? मग ताईंनी ११.६ लिहिलं तर काय बिघडलं?

पाळकाचा_पोर:
हो, खोटं बोलल्या. यावर लोक फार जुन्या काळापासून भांडत आलेत, मी काय सोडवणार. पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही.

भुसावळ_यार्ड:
मी सांगतो ना. त्या खोटं बोलल्या लेकरू वाचावं म्हणून. इथे खोटं लिहायचंय ते लेकरू दिसू नये म्हणून. ११.६ लिहिलं की पोरगी कागदावरून गेली, तिला ना जादा आहार ना दवाखाना.

सत्यशोधक_धुळे:
हे पटलं, काका. पण मुख्य प्रश्न राहिलाच. "देवाची योजना" म्हणता ना, मग १४ महिन्यांची पोर ६ किलोवर येणं ही पण योजनाच का? ऊसतोडीचा मुकादम, कमी मजुरी, बाप उचल घेऊन बसलेला, हे सगळं वरून ठरवलेलं? आणि तसं नसेल तर मग योजना फक्त ताईंनी गप्प राहण्यापुरतीच कशी काय निघते?

(मला भांडायचं नाहीये. खरंच विचारतोय.)

करंजफूल:
दादा, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, मंडळीत हे कोणी विचारत नाही. लेकरू उपाशी राहणं ही देवाची योजना आहे असं मला कोणी म्हटलं तर मी उठून जाईन. त्या पोरीची आई बाळंतपणानंतर महिनाभरात मोळ्या बांधत होती, ते देवाने नाही सांगितलं. मला एवढंच वाटतं की त्या दिवशी पट्टी माझ्याच हातात होती, ते उगाच नसावं. याच्यापुढे मला सांगता येत नाही.

चोपडा_मास्तर:
हा धागा दोन दिवस वाचतोय आणि लिहू की नको असं चाललंय. लिहितोच.

मी शिक्षक, आता रिटायर. शाळेचं नाव घेत नाही. दुपारच्या खिचडीचं रजिस्टर माझ्याकडे होतं. पटावर ६१ पोरं, हजर ३८, आणि वरून सांगणं असं की रोज ६१ लिहायचे. मी लिहिले. एक दिवस नाही, साडेतीन वर्षं. खिचडी ३८ ची शिजायची, तांदूळ ६१ चा जायचा, उरलेला कुठे जायचा ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. पहिल्या दिवशी हात थरथरला, मग सवय झाली. रविवारी मीच मंडळीत वचन वाचायचो, आणि कधीतरी नीतिसूत्रे ११ यायचं, पहिलंच वचन, खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट आहे. मी ते वाचायचो आणि पुढे जायचो. आवाज पण नाही हलायचा.

लोक म्हणतात अधिकाऱ्याची भीती, तर डोळ्यापुढे पिलात सुभेदार येतो, नबुखद्नेस्सर राजा येतो. पेत्र कोणाला भ्याला ते बघा. एका दासीला. दारावर काम करणारी पोरगी, हातात काही अधिकार नाही, नुसतं म्हणाली तू पण त्या येशूच्या माणसांतलाच ना, आणि हा म्हणाला मी नाही. थंडी होती, कोळशांचा विस्तव पेटवला होता, हा तिथे शेकत उभा. मलाही काही कोणी तुरुंगाची भीती घातली नव्हती. केंद्रप्रमुख चहाला बसायचे बंद होतील, स्टाफरूममध्ये कोणी बोलणार नाही, एवढंच. तेवढ्यात गेलो मी.

करंजताई, रकाना कोरा आहे म्हणालात ना, मला त्या कोऱ्या रकान्याचा हेवा वाटला.

तापीकाठ:
मास्तर 🙏

भुसावळ_यार्ड:
मास्तर, योहानाचा २१ वा अध्याय विसरू नका. तिथेही कोळशांचाच विस्तव आहे. त्यावर मासळी ठेवलेली आणि प्रभू पेत्राला आणि बाकीच्या शिष्यांना म्हणतो, या, न्याहारी करा. तेच शेकणं, तोच माणूस. फोनवर बोलू कधीतरी, मी शे ना.

वचन_प्रथम:
मास्तरांचं वाचून गप्प झालो. माझं पहिलं उत्तर जरा घाईत गेलं, मान्य. तरी ताईंनी उद्धटपणा करू नये एवढं म्हणणं राहीलच. दानीएल राजाला सुद्धा आदराने बोलतो.

पाळकाचा_पोर:
आदराबद्दल एकदम बरोबर. दानीएलाचे तिघे सोबती शद्रख, मेशख, अबेदनगो पण राजाला शिव्या देत नाहीत. पण काय बोलतात बघा, दानीएल ३:१७-१८. आमचा देव आम्हाला भट्टीतून सोडवायला समर्थ आहे, आणि हे राजा, त्याने तसं नाही केलं, तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. आपल्याकडे साक्ष द्यायला उभे राहतात ते पहिलं अर्धंच सांगतात, मी प्रार्थना केली आणि साहेबाची बदली झाली, हालेलुया. "नाही केलं तरी" हे कोणी बोलत नाही.

आणि दुसरं. घरोघरी भिंतीवर जे वचन लावलेलं असतं, यिर्मया २९:११, ते इंग्रजीतून "प्लॅन" म्हणून आलं आणि आपण योजना योजना म्हणायला लागलो. आपल्या मराठी शास्त्रात शब्द "संकल्प" आहे. आणि ते लिहिलंय कोणाला, तर बाबेलमध्ये धरून नेलेल्या लोकांना. त्याच्या आधीच्याच वचनात म्हटलंय ७० वर्षं लागतील. म्हणजे पत्र ऐकणारे बहुतेक तिथेच मरणार होते. त्यांना सांगितलं काय, तर घरं बांधा, बाग लावा, मुलांची लग्नं करा आणि ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. भिंतीवर नुसतं ११ वं लावतात, १० वं लावत नाहीत.

भुसावळ_यार्ड:
याच्यावरून माझं आवडतं प्रकरण सांगतो, आवडतं म्हणजे गेली तीस वर्षं झोप उडवणारं. प्रेषितांची कृत्ये १२. हेरोद राजाने प्रेषित याकोबाला तलवारीने मारलं, एका ओळीत संपतो तो. मग त्याच हेरोदाने पेत्राला धरलं, तुरुंगात टाकलं, सोळा शिपाई पहाऱ्याला, आणि रात्री दूत येतो, साखळ्या गळून पडतात, लोखंडी दार आपोआप उघडतं. राजा तोच, अध्याय पण तोच. पेत्र सुटला आणि याकोब गेला. याकोबाच्या आईने नसेल का प्रार्थना केली?

माझा धाकटा भाऊ सरकारी नोकरीत होता. एका बिलावर सही नाही केली त्याने. त्याला लांब टाकलं, पार सातपुड्याच्या पायथ्याला. तिथे वहिनी आजारी पडली आणि दवाखान्यात न्यायला उशीर झाला. ती गेली. भाऊ बरोबर वागला होता. अंत्यविधीला एक जण म्हणाला देवाची योजना असते भाऊ, आणि मला त्याची कॉलर धराविशी वाटली. मी अजून प्रार्थना करतो, देवाचा हात सोडलेला नाही. पण त्या बदलीचा अर्थ मला आजतागायत लागलेला नाही, आणि तो लागलाय असं मी मंडळीत उभं राहून सांगणार नाही. पेत्र मात्र त्या रात्री दोन शिपायांच्या मध्ये झोपला होता, इतका गाढ की दुताला त्याच्या कुशीत मारून उठवावं लागलं. सकाळी आपलं पण याकोबासारखं होणार हे त्याला माहीतच होतं ना. मग झोपला कसा, ते मला शिकायचंय.

अमळनेरकर:
मी हिंदू, पण धागा सोडवत नाहीये. तुमचे प्रेषित तुरुंगात, तुमचा पौल तुरुंगातून पत्रं लिहितो, तर आपल्या धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबा दर रविवारी कैद्यांना गीता सांगायचे आणि साने गुरुजी ती उतरवून घ्यायचे, ते आठवलं. आणि नंदुरबारचा शिरीषकुमार, ९ सप्टेंबर १९४२, पंधरा वर्षांचं पोर, हातात झेंडा आणि समोर बंदुका. ताई तुमच्याच गावाकडचा की तो. एवढंच.

भरीतभाकरी:
विषय सोडून, पण होळीला कोणी अक्कलकुव्याकडे जाणार आहे का यंदा? काठी गावची होळी बघायची आहे.

मीही_सेविका:
माफ करा, मी तुमच्या धर्माची नाही आणि मला या चर्चेतलं निम्मं कळलं नाही, जे कळलं ते चांगलं आहे. पण चार दिवस झाले हा धागा चाललाय. पोरगी कुठंय?

करंज, ऐक. मी १७ वर्षं सेविका आहे. सॅमचं लेकरू चार दिवसांतही जाऊ शकतं, जुलाब लागले तर फारच धोका. भीती वाटते तर वाटू दे, मला पण वाटते, पण आजच्या आज कर:
रकान्यात पेनाने ११.१ लिही, तारीख टाक, खाडाखोड करू नको. नर्सबाईंना बोलावून त्यांच्याकडून पण मोजून घे, त्यांच्या रजिस्टरला चढव, म्हणजे तू एकटी राहत नाहीस. भूक लागते का ते बघ, अंगावर सूज आहे का, पायावर अंगठा दाबून. खात नसेल किंवा सूज असेल तर थेट एनआरसी, म्हणजे पोषण पुनर्वसन केंद्र. मॅडमना व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाक, भाषा एकदम गोड ठेव, "आपण फोनवर दिलेल्या सूचनेप्रमाणे नोंद बदलायची असल्यास कृपया लेखी द्यावे ही विनंती." लेखी मागितलं ना की निम्मे साहेब तिथेच गार होतात.

आणि युनियनची पावती भरलेली आहे ना? नसेल तर भर.

पाळकाचा_पोर:
ताई, तुम्ही आमच्या सगळ्यांच्या कानाखाली वाजवली आणि बरं केलं. पौलाने पण हेच केलं होतं, फटके मारायला बांधलं तेव्हा शताधिपतीला विचारलं, रोमी माणसाला चौकशी न करता फटके मारणं कायद्यात बसतं का? आणि नंतर सरळ कैसराजवळ, म्हणजे रोमच्या बादशहाजवळ, दाद मागितली. भरोसा देवावर आणि अर्ज लेखी.

सत्यशोधक_धुळे:
शेवटचं वाक्य मी युनियन ऑफिसात लावणार, पहिले दोन शब्द सोडून 😄

करंजफूल:
लिहिलं. ११.१.

मीही_सेविका ताई, तुमचा मेसेज वाचला तेव्हा सव्वादहा वाजले होते, पोरं खिचडीची वाट बघत बसलेली. प्रार्थना वगैरे काही मोठी केली नाही, खरं सांगते, नुसतं "प्रभू" म्हटलं आणि लिहिलं. हात घामाने ओला होता, शाई थोडी पसरली, एकाचा आकडा सातासारखा दिसायला लागला तर बाजूला अक्षरी पण लिहिलं, अकरा दशांश एक. मग मदतनीस बाई म्हणाली, बाई माझी पण सही घ्या खाली. मी सांगितलं नव्हतं तिला. ती ख्रिस्ती नाही, घरात देवमोगरा मातेचा फोटो आहे तिच्या.

नर्सबाईंनी मोजलं, ११.१ च आलं. पोरगी खात नव्हती, पेज तोंडाला लावली की मान फिरवायची. आई एनआरसीला जायला तयार नव्हती, म्हणे घरी दोन आहेत, शेळ्या आहेत, १४ दिवस कोण बघणार? सासू तर भांडायलाच उठली. मी तीनदा गेले. शेवटी शेळ्या माझ्या दारात बांधल्यात, हे मात्र कुठल्या संदेशात सांगत नाहीत 🙂

मॅडमना मेसेज टाकला. दोन निळ्या रेघा आल्या, उत्तर नाही.

चोपडा_मास्तर:
देव बरं करो ताई. आज मी जेवलो नीट.

वचन_प्रथम:
आमेन. शेळ्यांसाठी पण प्रार्थना.

करंजफूल:
दोन आठवड्यांनी लिहितेय, पुष्कळ जणांनी विचारलं म्हणून.

मला कारणे दाखवा नोटीस आली आहे. नोंदीबद्दल त्यात एक शब्द नाही, लिहिलंय अमुक तारखेला केंद्र वेळेवर उघडलं नाही. ती तारीख म्हणजे मी पोरीला घेऊन गाडीत बसले तो दिवस. खुलासा लिहून दिला, पोच घेतली, आवक नंबर टाकून घेतला. पुढे काय होईल माहीत नाही. मीटिंगमध्ये मॅडम माझ्याकडे बघत नाहीत, आणि दोन सेविका ज्या रोज सोबत डबा खायच्या त्या आता दुसऱ्या बाकावर बसतात. मास्तर, तुम्ही लिहिलं होतं ना चहाला बसायचे बंद होतील, ते अगदी तसंच आहे, आणि लागतं ते. नोटिशीपेक्षा ते लागतं.

भीती गेली का, तर नाही. रात्री दोनला जाग येते. फक्त आता उठून रजिस्टर काढून बघत बसत नाही.

भुसावळ_यार्ड:
बेटा, पोरीचं वजन किती आता?

करंजफूल:
६ किलो ७२०. परवा घरी आले दोघी, आईच्या हातावर झोपली होती. पट्टी लावल्यावर मात्र उठली आणि असं भोकाड पसरलं की शेजारची बाई धावत आली. ११.३. अजून लालच आहे. शुक्रवारी परत मोजायचंय. शेळ्या नेल्या त्यांनी, एक पाट व्यालीये माझ्याकडे असतानाच.